टेबलाकडे पाठ करून बसणारे सर

खो-खो सरांनी आमच्या रोबोटला दोन वर्षांत एकदाही हात लावला नाही. शाळेच्या रोबोटिक्स टीमचे ते कोच होते, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची आणि "चार्जिंगला लावलाय ना रे?" हा प्रश्न ते दिवसातून दहादा विचारायचे. पण रोबोटजवळ आले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एकदा रोबोट टेबलाच्या कडेवरून खाली पडायला आला तेव्हा सर अगदी शेजारी होते. त्यांनी हात पुढे केला नाही, पाय पुढे केला. रोबोट त्यांच्या बुटावर पडला आणि वाचला. सर मात्र दोन दिवस लंगडत होते. "सर, हाताने पकडायचा ना," असं कार्तिक म्हणाला, तर त्यालाच ऐकावं लागलं, "खेळाडू पडला तर कोच मैदानात उतरतो काय? कोच रेषेच्या भायेर."

शाळा सानपाड्यात आणि सर सारसोळ्याचे, जवळच्या जुन्या आगरी-कोळी गावातले. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले किंवा खूष झाले की त्यांच्या तोंडून सारसोळं बाहेर यायचं. शाळेत ते पीटी आणि खो-खो शिकवायला लागले होते, म्हणून खो-खो सर. मी आठवीत गेलो त्या वर्षी मैदानावर शाळेची नवी इमारत उभी राहायला लागली. आधी खो-खोचे खांब उपटले गेले, मग पीटीचे तास गणिताला गेले. सर कंत्राटावर होते, आणि मैदानच नाही तर पीटीचा मास्तर ठेवायचा कशाला, हा प्रश्न ऑफिसात कोणीतरी विचारलाच असणार. त्याच सुमारास रोबोटिक्सच्या मॅडम ऐरोलीच्या एका कंपनीत लागल्या आणि निघून गेल्या. महागडं किट, मोठं टेबल, त्यावर पसरायची चंद्राच्या चित्राची चटई असं सगळं होतं, बघायला कोणी नव्हतं. प्रिन्सिपल मॅडमनी सरांना बोलावून सांगितलं, "मुलांना येतं सगळं. तुम्ही फक्त शिस्त बघा."

आम्ही तिघं होतो. प्रोग्राम लिहिणारा मी; सर मला शेवटपर्यंत 'प्रनव'च म्हणत आले. दुसरा कार्तिक, त्याच्या घरी तमिळ आणि बाहेर अस्सल बम्बइया. आणि तिसरी साक्षी. साक्षी तुर्भ्याची, वडील भाजी मार्केटात हमाली करायचे. ती बोलायची कमी आणि जोडायची जास्त. आमच्या रोबोटचा एकेक गिअर तिने बसवलेला होता आणि स्पर्धेत टेबलापाशी उभं राहून रोबोट सोडायचं कामही तिचंच होतं, कारण तिचा हात थरथरायचा नाही.

खेळ साधा आहे. चटईवर चंद्राची जमीन छापलेली असते, जागोजागी विवर, सौर पंख, उपग्रह, अडकलेला अंतराळवीर अशी छोटी मॉडेलं ठेवलेली असतात. एका कोपऱ्यात आपला तळ असतो. तळात असेपर्यंत रोबोटला वाटेल ते करा, पण एकदा त्याने तळाची रेष ओलांडली की त्याचा तो. त्याने प्रोग्रामप्रमाणे जायचं, पंख उघडायचे, अंतराळवीराला उचलून परत यायचं. वाटेत हात लावलात तर पंच टेबलावरची लाल चकती उचलतो, गुण जातात, आणि रोबोट जे काही घेऊन येत असेल तेही जातं. अडीच मिनिटांत सगळं आटपायचं. मॅडमनी हे नियम आम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवले होते. सरांनी ते माझ्याकडून एकदा ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे खो-खोच हाय की. रेष वलांडली की खलास."

रोबोटबद्दल सरांना शून्य कळायचं, हे मी प्रेमाने पण खरं सांगतो. त्यांचे सल्ले ऐकून कार्तिक टेबलाखाली जाऊन हसायचा. प्रत्येक फेरीआधी रोबोटला वॉर्मअप द्यायचा, असा त्यांचा हट्ट होता. सलग फेऱ्या झाल्या की म्हणायचे, "जरा दम खाऊ दे त्याला." डावं चाक मागे पडतंय म्हटल्यावर त्यांनी मला अतिशय गंभीरपणे विचारलं, "डावखुरा तर नाय ना?" मी सांगितलं, सर, मोटर आहे. "मोटर पन डावखुरी असू शकते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, आणि खरं म्हणजे आम्हाला घालायचाही नसायचा.

पण सराव घ्यायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती मी दुसऱ्या कोणत्याही कोचकडे पाहिलेली नाही. सराव सुरू झाला की सर खिडकीजवळचं स्टूल ओढायचे आणि टेबलाकडे पाठ करून बसायचे. तोंड खिडकीकडे, हातात घड्याळ. रोबोट काय करतो, आम्ही काय करतो, त्यांना काहीही दिसायचं नाही. नियम एवढाच, की रेषेबाहेर ज्याचा हात रोबोटला लागेल त्याने स्वतःच हात वर करायचा, मोठ्याने "माझा" म्हणायचं आणि पुढची फेरी होईपर्यंत व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. सांगणार कोणी नाही, पकडणारही कोणी नाही. रोबोट तळापासून दोन बोटांवर येऊन अडकतो तेव्हा हात किती शिवशिवतो, हे त्या टेबलापाशी उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. जरासं ढकललं की काम होतं, आणि सरांची तर पाठ आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही अर्थातच लबाडी केली. एकदा कार्तिकने विवराच्या कडेवर अडकलेला रोबोट हळूच पुढे सारला आणि गप्प बसला. फेरी संपल्यावर सरांनी गुण विचारले. आम्ही सांगितले. त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि खडू ठेवत म्हणाले, "हे खरं हाय का खोटं, मला म्हाईत नाय. तुमाला म्हाईत हाय." तो आकडा त्यांनी पुसूही दिला नाही. रोज खोलीत शिरलो की तो समोर. कार्तिक चौथ्या की पाचव्या दिवशी कंटाळून म्हणाला, "सर, वो मेरा था, मिटाओ ना यार." सरांनी फळा पुसला आणि त्याला व्हरांड्यात जायला सांगितलं. तेव्हापासून आमचे हात आपोआप वर जायला लागले. विचार करायचा नाही, लागला की वर. आज कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे जण रीडिंग जुळवून लिहितात तेव्हा मला ते जमत नाही, मित्र वैतागतात, आणि त्याचं खापर मी मनातल्या मनात सरांवर फोडतो.

या पाठ करून बसण्यातून एक गंमतही झाली. आमचा रोबोट काही फेऱ्यांत काळी रेष व्यवस्थित पकडायचा आणि काहींत सोडून भलतीकडे जायचा. मी प्रोग्राम उलटापालटा केला, साक्षीने सेन्सर काढून परत बसवला, काही उपयोग नाही. शेवटी साक्षीच्याच लक्षात आलं की सर स्टुलावर असले की रोबोट नीट चालतो आणि सर पाणी प्यायला उठले की बिघडतो. त्यांच्या अंगामुळे चटईवरचं ऊन अडत होतं. ते उठले की ऊन सेन्सरवर यायचं. आम्ही खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. सरांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला, की बस. "म्हंजे मी पन प्रोग्राममधी हाय!" दिवसभर ते स्टाफरूममध्ये हेच सांगत होते.

दहावीच्या आधीच्या वर्षी, स्पर्धा जवळ आली असताना, एका दुपारी शाळेचे ट्रस्टी खोलीत आले. त्यांच्याबरोबर एका कोचिंग क्लासचे गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात टेप होती. आमची फेरी चालू होती. गृहस्थांनी भिंतीपासून टेप ओढली, ती आमच्या टेबलावरून, चंद्रावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली. साक्षीला बाजूला सरकावं लागलं. "बाकं इथे बसतील. हे टेबल हलवता येईल ना?" गृहस्थांनी विचारलं. ट्रस्टी म्हणाले, "हलवायचं कशाला, काढूनच टाकू." मग त्यांचं लक्ष सरांकडे गेलं. सर स्टुलावरून उठून उभे होते, हात पाठीमागे.

ट्रस्टी वाईट माणूस नव्हता. तो आवाजही न चढवता बोलला, म्हणून ते आणखी वाईट वाटलं. "सर, यंदाची स्पर्धा होऊ दे. मुलं पुढच्या फेरीत गेली तर खोली तुमची. तुमचं कॉन्ट्रॅक्टही करू पुढे. पण नाही गेली, तर मैदान नाही, खोली नाही. मग मी तुम्हाला कुठे ठेवू, तुम्हीच सांगा." आमच्यासमोर बोलला. सर म्हणाले, "हो साहेब." एवढंच. टेप खट्‌कन मिटली आणि ते दोघे गेले.

कार्तिकला सारसोळ्याचे म्हणजे सर मालदार असणार असं वाटायचं. गावची जमीन, त्यावर चाळी, महिन्याला भाडं. त्याने धीर करून तसं विचारलंही. सर हसले. "चाळ काकाची हाय. माझी ती खाली उभी हाय, स्कूटी." मुलगी बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण तिच्या क्लासची वेळ झाली की सर स्कूटी घेऊन जायचे आणि तिला सोडून परत यायचे. "सर, टेन्शन मत लो, निकाल देंगे," कार्तिक म्हणाला. "टेन्शन माझं, धाव तुमची," सर म्हणाले. "अदलाबदल करायची नाय."

पण अदलाबदल झालीच. त्या दिवसापासून खोलीतली हवाच बदलली. सर अजूनही पाठ करूनच बसायचे, पण आता त्यांची पाठही बोलायची. रोबोटची मोटर घरघरून थांबली की त्यांचे खांदे वर जायचे. फेरी संपायच्या आत ते "झालं?" असं विचारायचे, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. आम्ही आपसात हळू बोलायला लागलो. साक्षी तर सुट्टीच्या दिवशीही यायची, एकच गिअर काढायची, बघायची आणि परत बसवायची. सर गेले तर ते आमच्यामुळे जातील, हे आमच्यातलं कोणी बोलत नव्हतं, पण त्या खोलीत दुसरा विषयच उरला नव्हता.

स्पर्धा तळोज्याच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये होती. बाकीच्या टीम एकसारखे टी-शर्ट घालून, चाकांच्या बॅगा ओढत आल्या होत्या. आम्ही सरांच्या आग्रहावरून शाळेच्या जुन्या खो-खोच्या जर्सी घातल्या होत्या. माझ्या पाठीवर नंबर होता आणि कार्तिकच्या पाठीवर तर नुसता नंबराचा डाग. तीन फेऱ्या, त्यातली सर्वात चांगली धरायची. कोच लोकांना दोरीच्या पलीकडे उभं राहायचं होतं, आणि ते सगळे मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. आमचे सर दोरीकडे पाठ करून उभे होते. कोणातरी पालकांनी त्यांना विचारलं, "तुमची टीम कुठली?" सरांनी मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं.

पहिल्या फेरीत रोबोट विवराच्या कडेवर चढला आणि तिथेच गरगरत बसला. दुसऱ्या फेरीत सौर पंखाच्या दांड्याला तो थोडक्यात चुकला आणि तिथून पुढचं सगळंच चुकत गेलं. मी लॅपटॉपवर एक वळण किंचित वाढवलं. साक्षीने जर्सीला हात पुसले आणि म्हणाली, "मी सोडते. तू फक्त बघ." पडद्यावर इतर टीमचे गुण येत होते आणि कार्तिकने हिशोब केला होता. अंतराळवीर तळात आला तर आम्ही पुढच्या फेरीत. नाही आला तर नाही.

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी सहज दोरीकडे पाहिलं. सर आमच्याकडे तोंड करून उभे होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. दोरी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

त्या फेरीत रोबोट जसा चालला तसा तो कधीच चालला नव्हता. पंख उघडले. विवर पार झालं. आमचं आणि पलीकडच्या टीमचं टेबल जोडून ठेवलेलं होतं, त्यांच्या मध्ये असलेला सामाईक उपग्रह त्याने बरोबर ढकलला. पलीकडच्या टीमचाही रोबोट त्याच वेळी तिथे पोहोचला, आणि उपग्रह कोणी किती सरकवला ते बघायला पंच त्या टोकाला वाकले. इकडे आमचा रोबोट वळला, अंतराळवीराला उचललं आणि परत निघाला. तळाच्या रेषेबाहेर, बोटभर अंतरावर, चटईच्या चुणीत त्याचं पुढचं चाक अडकलं. मोटर घरघरायला लागली. वेळ संपत आली होती. साक्षी पुढे वाकली, तिचा हात पुढे गेला, आणि तर्जनीच्या टोकाने तिने रोबोटला मागून जरासा धक्का दिला. रोबोट तळात आला आणि भोंगा वाजला.

पंचांनी मान वर केली तेव्हा अंतराळवीर तळात उभा होता. त्यांनी पाहिलं नव्हतं. शूटिंग करणारे सगळे उपग्रहाकडे बघत होते. कार्तिकने माझ्या पाठीत जोरात बुक्का मारला, मी ओरडलो, आणि तेवढ्यात साक्षीचा हात वर गेला. तो तिने वर नेला असं मला अजूनही वाटत नाही, तो गेला. "माझा," ती म्हणाली. पंच कॉलेजातल्या एक ताई होत्या, त्यांना कळेना. "क्या हुआ?" आपण काय केलं ते साक्षीला आत्ता कळत होतं. पण हात खाली आला नाही. "मैंने टच किया. लाइन के बाहर," ती म्हणाली. ताईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा कार्तिककडे पाहिलं. त्यांनी एक लाल चकती उचलली. मग अंतराळवीर उचलला.

आम्ही दोरीपाशी आलो. साक्षी सर्वात पुढे होती. सर दोरी ओलांडून आत आले, ज्याला परवानगी नव्हती, आणि तिला म्हणाले, "कशाला गं वर केलास हात? कोनी बगितलं व्हतं?"

आवाज मोठा नव्हता, पण मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. कार्तिकच्या आणि माझ्या मनात तेच होतं, सरांनी ते फक्त बोलून दाखवलं. साक्षी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तिला नुसतं काही समजत नव्हतं. मग सरांनाच ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तसेच मागे सरकत दोरीबाहेर गेले.

निकाल लागला. पुढच्या फेरीत जाणाऱ्या शेवटच्या टीमच्या खाली लगेच आमचं नाव होतं. परत येताना सर ड्रायव्हरशेजारी बसले आणि एकदाही मागे वळले नाहीत. तळोज्याच्या टँकरांमागे आमची व्हॅन मुंगीच्या पावलाने सरकत होती. कार्तिक झोपल्याचं नाटक करत होता. साक्षी रोबोटचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तुर्भ्याच्या फाट्यावर तिने डबा माझ्याकडे दिला आणि उतरली.

त्यानंतर ती रोबोटिक्सच्या खोलीत आली नाही. वर्गात यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि घंटा झाली की आधी बाहेर. ती कोणाशी एक शब्द धड बोलली नाही. ट्रस्टींनी शब्द पाळला. खोली क्लासला गेली आणि सरांना सांगण्यात आलं की वर्ष संपेपर्यंत या, पुढचं बघू. पुढचं बघू म्हणजे काय, हे नवी मुंबईतल्या कोणत्याही कंत्राटी माणसाला सांगावं लागत नाही. परीक्षा संपल्या. साक्षी सुट्टीला घरी बसली. सरांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला फोन केला. "प्रनव, तुला तिचं घर म्हाईत हाय ना? चल माझ्याबरोबर."

स्कूटीवर मागे बसून मी त्यांना तुर्भ्याला घेऊन गेलो. सर ट्रकच्या रांगांमधून वाट काढत होते. साक्षीचं घर म्हणजे एक खोली आणि वर पत्र्याखाली माळा. माळ्याला लोखंडी शिडी. आम्हाला बघून साक्षी पटकन शिडी चढून वर गेली ती आलीच नाही. तिची आई साताऱ्याकडची. तिची धांदल उडाली. "बसा की सर. पोरगी अशी काय वागाय लागलीया, कळंना बगा. च्या टाकते." सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. हातात हेल्मेट होतं, ते त्यांनी मांडीवर ठेवलं, मग खाली ठेवलं.

"साक्षी," ते शिडीकडे बघून म्हणाले, "खाली येऊ नको. तिथूनच आयक. त्या दिशी तू हात वर केलास ना, तवा मला राग आला. तुजाच राग आला. पोरीचं कॉलेज, घर, सगलं डोल्यांसमोर आलं. मी बगायलाच नको व्हतं, पाठ करूनच उभा ऱ्हायला पायजे व्हतो. बगितलं आनि मला वाटलं, वाचलो. आनि तू हात वर केलास." साक्षीच्या आईने गॅस बारीक केला. "दोन वर्सं मीच शिकवलं, आनि तू केलंस तवा मीच म्हनालो, कशाला केलंस. तो फाऊल माजा हाय. तुजा नाय."

माळ्यावरून साक्षी म्हणाली, "तुमची नोकरी गेली ना, सर?"

"गेली," सर म्हणाले.

"माझ्यामुळे."

"मैदान गेलं तवाच ती जायाला लागली व्हती. तू निस्ती शेवटाला हजर व्हतीस."

मास्तर लोक चुकतात हे मला ठाऊक होतं. सगळीच मुलं ते ओळखून असतात. पण चुकलेला मास्तर विद्यार्थिनीच्या घरी येऊन, तिच्या आईसमोर, मोकळ्या शिडीशी बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला ते इतके आवडले, की मी खाली फरशीकडे बघत बसलो. साक्षीच्या आईने चहा आणून दिला. सरांनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

शिडी वाजली. साक्षी दोन पायऱ्या उतरून तिथेच थांबली. तिचे डोळे लाल होते.

"सर," ती म्हणाली, "परत असं झालं ना, तर मी परत हात वर करणार."

"करच," सर म्हणाले. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मी परत चिडन. पन तू करच."